झालरपायाचं कुळ

वन्सं,

आज सकाळी तुम्हाला सावडून आणलं. म्हणजे ह्यांनी आणि तात्यांनी आणलं, बायकांनी तिकडं जायचं नसतं. लहानशा मडक्यात अस्थी, वर पांढरं फडकं, आणि ते मडकं अंगणातल्या बदामाच्या झाडाला टांगलंय, कारण घरात आणायचं नसतं. काय काय करायचं नसतं ते ह्यांच्या चुलत्यांना, म्हणजे आपल्या तात्यांना, अगदी तोंडपाठ आहे. स्वयंपाकघराचा ओटा नेमका खिडकीला लागून आहे. मान वर केली की मडकं दिसतं, आणि दुसरीकडं उभं राहायला जागा नाही.

दुपारनंतर भोकरदनहून तुमचे दीर गाडी घेऊन येणार आहेत. तुम्हाला न्यायला. ज्या घरातून तुम्ही शेवटी एक पिशवी घेऊन निघालात आणि पुन्हा कधी त्याचा उंबरा शिवला नाहीत, तेच घर आता तुमचा दहावा करणार, तेरावा करणार, पत्रिकेत तुमच्या नावापुढं आपलं आडनाव छापणार. आपल्या घरचं सुतक आज संपतं. तात्यांनी काल सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिलेली लेक हाये. माहेराला तीनच दिस, पुरं सुतक सासरला. बराबर हाये का न्हाई?" सगळ्यांनी माना हलवल्या. ह्यांनीही हलवली. तुमचा भाऊ अंबडच्या कोर्टासमोर टेबल टाकून जगाची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडून कधी एक प्रतिज्ञा निघेल तर शपथ.

म्हणून मी इथं तांदूळ निवडता निवडता तुमच्याशीच भांडते आहे. या घरात भांडायला तुमच्याइतकं चांगलं माणूस दुसरं नव्हतं. आता कुणाशी भांडू?

मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं होतं की नणंद चार दिवसांसाठी माहेरी आली आहे. चार दिवस! माझी लेक शिकून पुण्याला नोकरीला लागली तरी तुमचे चार दिवस संपले नव्हते. बाहेरच्या खोलीत तुमची कॉट, कॉटखाली पुस्तकांचं खोकं, दारामागच्या खुंटीला मंगळसूत्र. कॉलेजात शिकवायला जाताना ते गळ्यात घालायचात आणि आल्या आल्या खुंटीला अडकवायचात, छत्री अडकवावी तसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बोबडीच वळली. तुम्ही म्हणालात, "शकू, त्ये लोकांसाठी हाये. घरात कशाला?" भोकरदनच्या माणसानं दुसरी केली होती. पण कागद केला नव्हता, आणि मामंजींनीही कधी करू दिला नाही. "आपल्या कुळात घटस्फोट झालेला न्हाई," एवढं एकच वाक्य त्यांच्याकडं होतं आणि ते त्यांना मरेपर्यंत पुरलं.

आणि अशा घरात राहून तुम्ही कॉलेजात प्राण्यांची कुळंच शिकवत होतात. संघ, वर्ग, गण, कुळ. पोरं पाठ करायची आणि विसरायची. तुम्ही मात्र एकाच कुळात अडकून पडला होतात. कोण कुठला तो पक्षी, जो जालना जिल्ह्यात कधी आला नाही आणि येणारही नाही! मला आधी वाटलं तुम्ही पक्षी बघणाऱ्यांतल्या आहात. पण तुम्हाला बघण्याचं फारसं काही नव्हतंच. बघायला बाहेर जावं लागतं. तुम्हाला तो कशात मोडतो, याचीच काळजी.

तुम्ही एम. एस्सी. करत होतात तेव्हा कॉलेजातल्या कपाटात पेंढा भरलेला तो पक्षी होता, आसामकडून कुणीतरी कधीकाळी आणलेला. बदकाएवढा, लांब मानेचा, चोच पिवळी, तोंडावर काळा मुखवटा घातल्यासारखा. पाय गवताच्या रंगाचे, आणि बोटांना दोन्ही बाजूंनी कातडीच्या पाकळ्या. त्याच्या फळीवर दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर दुसरी चिकटवलेली. खालची म्हणत होती हा तळ्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकलीचा भाऊबंद, कारण पाय तसे. वरची म्हणत होती छे, हा पाणकोंबड्यांच्या गोतातला, कारण हाडं तशी. तुम्ही वरची चिठ्ठी नखानं थोडी उचलून खालची वाचलीत आणि सरांची बोलणी खाल्लीत. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं की ती चिठ्ठी मीच उचलली असं वाटायला लागलंय.

"मंग शेवटी कशात मोडतो?" मी विचारायची, कणीक मळता मळता.

"कशातच न्हाई. त्याचं कुळ येगळंच. तिघंच जण हायेत दुनियेत. एक अमेरिकेत, एक आफ्रिकेत, एक आपल्या बाजूला. तिघांची एकमेकांशी गाठ न्हाई."

"तिघांचं काय कुळ असतंय का? आमच्या भावकीत एका पंगतीला तीनशे बसतात."

"म्हणून तर तुमच्या भावकीत कुणाला कुणाचं नाव ठाऊक न्हाई."

पुढं कुणीतरी रक्ताच्या तपासण्या केल्या, आणि जवळचे नातेवाईक निघाले ते आफ्रिकेतले गवतात लपून राहणारे चिमणीएवढे पक्षी, ज्यांच्याशी याचा ना रंग जुळतो ना राहणी. मोबाइलवर हे वाचलंत त्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरातून ओढून बाहेर आणलंत. मी म्हटलं, पोळी करपते. तुम्ही म्हणालात, करपू दे. तेवढं खुश मी तुम्हाला दुसऱ्या कशानं पाहिलं नाही, आणि मला त्याचा रागही यायचा. इथं गॅस संपलाय, पाणी आठवड्यातून एकदा येतंय, आणि या बाईला कुठल्या परदेशी पक्ष्याची सोयरीक जमल्याचा आनंद!

राग यायचाच, वन्सं. उगाच गोड कशाला बोलू? दोन खोल्यांच्या घरात तिसरं माणूस कायमचं. पाहुणे आले की तुम्ही गुपचूप मागच्या दारानं न्हाणीकडं सरकायच्या, आणि पाहुणे मला विचारायचे, "वन्सं अजून हितंच का?" उत्तर मी द्यायचं. लेक बाहेरच्या खोलीत निजायची तर तुमचा दिवा जळतोय म्हणून तिला झोप नाही. मी चार-पाचदा तरी ह्यांना म्हटलं असेन की त्यांना कुठं तरी वेगळी खोली बघून द्या. ते मान हलवायचे. तुम्हाला हे ऐकू गेलं होतं, मला माहीत आहे, भिंती पातळ आहेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या ब्लाउजला हुक लावून दिलेत.

पण मला तुमचं खरं कळलं ते शेजारच्या हळदीकुंकवाला. आपण दोघी गेलो होतो. यजमानीण रांगेनं कुंकू लावत आली. मला लावलं. मग तुमच्यासमोर आली आणि तिचा हात थांबला. बोट करंड्यात तसंच. लावावं तर नवरा टाकून आलेली, न लावावं तर नवरा जिवंत. बिचारी इकडंतिकडं बघायला लागली, कुणीतरी सांगावं म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जल्दी ठरवा ताई, मला दुपारचा तास हाये." सगळ्या हसल्या, तिनं घाईनं टिकली टेकवली, आपण वाण घेऊन निघालो. रस्त्यात मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटत न्हाई का ओ?" तुम्ही म्हणालात, "तिचा काय दोष? तिच्याकडं दोनच खण हायेत. मी तिसऱ्यातली."

तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या त्या पक्ष्यासारखी."

तुम्ही रस्त्यात उभ्या राहिलात. "शकू, माणसाला पक्ष्याची उपमा द्यायची न्हाई. पक्ष्याला ठाऊक बी न्हाई आपण त्याला कशात घालून राह्यलो. तो मजेत पोहतो. माणसाला ठाऊक असतंय." त्यानंतर दोन दिवस बोलला नाहीत. हे आपलं पहिलं मोठं भांडण, आणि ते अजून मिटलेलं नाही.

दुसरं भांडण नावाचं. त्या कुळाला मराठीत नाव नव्हतं आणि तुम्हाला ते द्यायचं होतं. कुणी मागितलं नव्हतं. अमेरिकेतल्या भाऊबंदाच्या शास्त्रीय नावात सूर्य आहे म्हणून आधी म्हणालात सूर्यपक्षी. मी म्हटलं तो तर आपल्या जास्वंदीवर येतो, इवलासा. तुम्ही कपाळावर हात मारलात. शिवाय हे बेणं सदा काठाच्या झाडाखाली सावलीत लपणार, चाहूल लागली की पाण्यावरून धूम पळणार, ऊन म्हणून अंगाला लावून घेणार नाही, आणि नाव सूर्याचं! मग तुम्ही काढलंत पल्लवपाद. मी म्हटलं हे तर काढ्याच्या बाटलीवरचं नाव वाटतं, जेवणानंतर दोन चमचे. मी शिलाईचं काम करते, मला त्या बोटांच्या पाकळ्या फ्रॉकच्या झालरीसारख्या दिसल्या. म्हटलं, झालरपाया. तुमचा चेहरा असा झाला जसं मी देवघरात चप्पल घालून आले. "शास्त्राचं नाव हाये शकू, बाजारातलं न्हाई." पण त्यानंतर कधीतरी फोनवर जुन्या विद्यार्थिनीशी बोलताना तुमच्या तोंडून झालरपाया निघून गेलं. मी ऐकलं. तुम्ही पाहिलंत की मी ऐकलं.

एकदाच आपण खरंच बाहेर पडलो. शहागडला, गोदावरीवर, एसटीनं. घरी सांगितलं देवाला जातो. तुम्ही काठावर वाकून मला चांदवा दाखवलात, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. एक काठाला चिखलात चढला तेव्हा त्याचे पाय दिसले, बोटांना पाकळ्याच पाकळ्या. मी ओरडले, "हाच का ओ तुमचा?" तुम्ही पोट धरून हसलात. "न्हाई ग. ह्यो पाणकोंबड्यांतला. पाय सारखे असले म्हणून कुळ एक होत न्हाई." मग पुलाखाली बसून आपण शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ली. तुम्ही सांगितलंत की तो अमेरिकेतला आहे ना, त्यातल्या नराच्या दोन्ही पंखांखाली कातडीच्या पिशव्या असतात. उघडी, आंधळी पिल्लं तो त्यात घेतो आणि पोहतो, वेळ पडली तर उडतो सुद्धा. दुनियेतल्या दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याला हे जमत नाही. मी म्हटलं, "बघा, बाप असा पाहिजे." बोलून गेले आणि जीभ चावली. भोकरदनहून पहिल्यांदा पळून आलात तेव्हा मामंजींनी तुम्हाला त्याच संध्याकाळच्या गाडीत परत बसवून दिलं होतं, हे मला ह्यांनी सांगितलं होतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "गाडी कितीची हाये परतीची?"

मग किडनीचं निघालं आणि आपलं बाहेर पडणं म्हणजे अंबड ते जालना, जालना ते अंबड. मशीनला नळ्या लावून तुम्ही पडलेल्या, मी स्टुलावर. ना तुम्हाला हलता येत होतं ना मला. तिथंही तुमचं तेच. "शकू, आपल्या बाजूचा संपत आला. आसामात आता दिसत न्हाई. तिकडं सुंदरबनात अन् कंबोडियात थोडे. एक गेला की तिघांतला एक गेला, समजलं का?" मला तेव्हा तुमचे हात सुजलेले दिसत होते. मी म्हटलं, "मरू द्या तो पक्षी, तुम्ही पाणी मोजून प्या." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. ते माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पाणी मोजूनच प्यायचं होतं. पण ऐकायला हवं होतं, थोडं अजून.

आणि परवा, तुम्ही गेलात त्या दिवशी, हिरवी साडी आली. भोकरदनहून, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली. तात्या म्हणाले, "सवाष्ण गेली. हिरवी साडी सासरची, कुंकू नवऱ्याच्या नावाचं. भाग्यवान हाये." तुमचा नवरा आला नाही, दीर आले. मी तुम्हाला आंघोळ घातली, साडी नेसवली, खुंटीवरचं मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं. माझ्या हातांनी. बाहेर सगळे घाई करत होते. मळवट भरताना वाटत होतं आता उठाल आणि म्हणाल, त्ये लोकांसाठी हाये शकू, घरात कशाला. साडी आखूड होती. हिरव्या काठाखाली तुमचे पाय उघडे राहिले. पक्ष्याची उपमा द्यायची नाही, म्हणून देत नाही. ह्यांनी तिरडीपुढचं मडकं धरायला हात पुढं केला तर तात्यांनी तो बाजूला केला, म्हणाले, "त्यांचा मान हाये." ह्यांचा हात तसाच हवेत राहिला, करंड्यातल्या त्या बोटासारखा.

गाडीचा आवाज येतोय. उठते.

आता दिवे लागलेत. झालं ते सांगते.

तुमचे दीर आले, ओसरीवर बसले. माणूस वाईट नाही, म्हातारा झालाय, गुडघे धरून बसला. तात्यांनी ह्यांना खूण केली, मडकं सोड म्हणून. हे उठले आणि बदामाखाली जाऊन नुसते उभे राहिले. गाठ त्यांनीच सकाळी बांधली होती, ती त्यांनाच सुटेना. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. मी तांदळाचं ताट ठेवलं, पदर खोचला आणि सरळ अंगणात गेले. ह्यांच्या आणि झाडाच्या मधे.

म्हटलं, "मडकं कुठं जाणार न्हाई."

तात्या म्हणाले, "सूनबाई, तू आत जा. हे तुझं काम न्हाई."

"आंघोळ घालायचं माझं काम व्हतं, तवा कुणी न्हाई म्हणलं न्हाई. त्या घरातून ह्या एकदा निघून आल्त्या. पायानं चालत आल्त्या. आता मडक्यात घालून परत धाडायच्या का? मामंजींनी एकदा धाडल्या, तेवढं बस झालं."

तात्यांचा आवाज चढला. "अन् आपल्यात कशी ठिवायची? दिलेली लेक हाये. आपल्या कुळात न्हाई, अन् तू म्हणतीस त्यांच्यात बी न्हाई. मंग कशात मोडती ही? सांग ना, कशात मोडती?"

तुमचाच प्रश्न, वन्सं. तुमच्याच शब्दांत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

म्हटलं, "कशातच न्हाई मोडली, तात्या. लई जणांनी करून बघितलं. न्हाई मोडली."

तात्यांना वाटलं मी उत्तर चुकवलं. पण माझ्यामागं ह्यांना हुंदका फुटला. इतका मोठा की शेजारची बाई कुंपणाशी आली. सबंध आयुष्यात या माणसाचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मग तुमच्या भावानं डोळे पुसले आणि म्हटलं, "ताईचा दहावा हितंच हुईल. मी करणार. शहागडला. सुतक मी पुरं धरणार." आणि तात्यांकडं न बघता, "माझी बहीण हाये. एवढं पुरं हाये."

तुमच्या दिरांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "माझी बिलकुल हरकत न्हाई. खरं सांगू का, आमच्या घरी बी कुणी वाट बघून राह्यलं न्हाई. आईनं सांगितलं म्हणून साडी आणली व्हती." ते उठले, बदामाखाली आले, मडक्याला लांबूनच हात जोडले. "वहिनी आल्त्या तवा मी शाळंत व्हतो. मला बेडकाचं चित्र काढून द्यायच्या," एवढं बोलून ते गाडीत बसले. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. भोकरदनचं काहीच सांगितलं नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं म्हटलं तर कुणाला?

तात्या रागानं निघून गेले. सुतक असलेल्या घरचं पाणी ते पिणार नाहीत, म्हणजे दहावा होईपर्यंत तरी येणार नाहीत. तेवढाच तुमचा आमच्यावर आणखी एक उपकार.

नावाचं भांडण राहिलं ते राहिलंच. दहाव्यापर्यंत मी तोंडातून झालरपाया काढणार नाही, तुमचा मान म्हणून पल्लवपाद म्हणेन. पण शहागडला चांदवे दिसले तर माझं मला सांगता येत नाही.

आता सुतक फिटेपर्यंत आम्हाला कुठं जायचं नाही. देवळात नाही, लग्नात नाही, शेजारीसुद्धा नाही, आणि कुणी आमच्याकडं यायचं नाही. ह्यांनी मघाशी दार लोटून घेतलं आणि तुमच्या कॉटवर जाऊन बसले. खुंटी रिकामी आहे. खिडकीतून मडकं दिसतंय आणि मी त्याच्याकडं बघतच भात टाकलाय. या घरात मी जन्मभर कोंडून पडले असं मला वाटायचं, तुमच्यामुळं, ह्यांच्यामुळं, सगळ्यांमुळं. आज पहिल्यांदाच मी आपल्या मर्जीनं कोंडून घेतलंय, वन्सं, आणि ते तुम्ही आमच्या आहात म्हणून.